खेळण्याचा कर्ता कोण?

एका संस्कृत नाटकाचे नाव मुलाच्या खेळण्यावरून पडले आहे. पण त्या नाटकाची चर्चा होते तेव्हा खेळण्याकडे खेळणे म्हणून क्वचितच पाहिले जाते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन रडत येतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला होता, आणि ज्याची गाडी त्याने ती परत नेली होती. मुलाची समजूत घालण्यासाठी रदनिका या दासीने त्याला मातीची गाडी करून दिली. परंतु त्याला ती नको, सोन्याचीच हवी. वसंतसेनेला गहिवरून येते. ती अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे, असे त्याला सांगते. पुढे नवव्या अंकात, परत करण्यासाठी निघालेले हेच दागिने भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा होऊन बसतात.

आमच्या व्यवसायातील माणसाचे लक्ष साहजिकच त्या पुराव्याकडे ओढले जाते. परंतु आज आमचा विषय लहान मुलांची घरगुती खेळणी आणि त्यांच्या हातची कलाकुसर हा असल्यामुळे आम्ही न्यायसभा सोडून उज्जयिनीच्या त्या घरात परत जातो. तेथे दोन गोष्टी नजरेस पडतात. पहिली अशी की मुलाने मातीची गाडी झिडकारली आहे. घरगुती खेळण्यांची थोरवी गाणाऱ्यांनी (आणि आम्ही स्वतःला त्यांच्यातच मोजतो) ही गोष्ट सोयीस्करपणे विसरू नये. साधेपणाची गोडी हा प्रौढांचा उपजत गुण नव्हे, तसा तो मुलांचाही नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ती गाडी रोहसेनाने केलेली नव्हती. रडे थांबावे म्हणून दुसऱ्या कोणी ती केली आणि त्याच्या हातात दिली. त्याने स्वतः माती कालवली असती, चाके वळली असती, ती वाळेपर्यंत धीर न धरवून चारदा चेपली असती, तर तो सोन्याच्या गाडीसाठी रडला असता काय? कवी ते सांगत नाही. पण खेळणे कशाचे केले यापेक्षा ते कोणी केले हा प्रश्न मोठा आहे, एवढे त्या प्रसंगातून खात्रीने निघते, आणि तोच प्रश्न मनाशी धरून आजच्या ‘बालहस्तकले’चे परीक्षण करावे असा आमचा विचार आहे.

गेली काही वर्षे पालकांसाठी निघणारी पुस्तके, नियतकालिकांतील मुलांची पाने, शाळांच्या सूचना आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफिती यांत घरच्या घरी करावयाच्या खेळण्यांची अगदी रेलचेल झाली आहे. या सर्व लिखाणाची घडण एकच आहे. आरंभी तयार वस्तूचे रंगीत चित्र, त्याखाली ‘साहित्य’, त्याखाली ‘कृती’. ही घडण पाककृतीच्या पुस्तकातून आलेली आहे आणि तेथे ती शोभते, कारण श्रीखंड करावयास घेतले तर शेवटी श्रीखंडच व्हावे अशी खाणाऱ्याची रास्त अपेक्षा असते. खेळण्याला हा न्याय लागू नाही. पाच वर्षांच्या मुलाने कागदाचा हत्ती करावयास घ्यावा, सोंड आखूड पडावी, मध्येच त्याचे डुक्कर व्हावे आणि मग त्या डुकरासाठी चिखल हवा म्हणून त्याने घरभर पाणी सांडावे. पुस्तकाच्या दृष्टीने येथे कृती फसली, आणि मुलाच्या दृष्टीने खेळ येथेच सुरू झाला. वर छापलेले ते चित्र मात्र त्याच्याकडे सारखे पाहत असते. चित्रासारखे झाले की नाही, एवढीच कसोटी घरात उरते. मूल स्वतःहून आईला ‘बरोबर झाले का?’ असे विचारू लागते. जे मूल कालपर्यंत ‘बघ, मी काय केले!’ असे ओरडत येत असे त्याच्या तोंडी हा प्रश्न येणे ही किरकोळ बाब नव्हे.

या वाङ्मयाचे बोधवाक्य ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे आहे. ते यमकामुळे लोकप्रिय झाले असावे. त्यातील ‘टाकाऊ’ या शब्दाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते ‘टिकाऊ’शी. टिकाऊपणा हा संसारी माणसाचा गुण आहे. भांडे टिकावे, छप्पर टिकावे, करार टिकावा. खेळणे टिकलेच पाहिजे असे कोणी ठरवले? आमच्या किनारपट्टीवर पावसाळ्याच्या तोंडाशी परसात टाकलेल्या आंब्याच्या बाठ्यांना (देशावर यालाच कोय म्हणतात) कोंब फुटतात. असा एखादा बाठा उपटावा, वरचे कठीण कवच काढून टाकावे आणि आतला गर दगडावर एका बाजूने घासत राहावे. पुरेसा घासला की दोन दळांमध्ये बारीक फट मोकळी होते आणि तिच्यातून फुंकले की पिपाणी वाजते. थोडा कमी घासला तर मुकी राहते, थोडा अधिक घासला तर दळे सुटून हातात येतात. हे थोडे म्हणजे किती, ते कोणत्याही ‘कृती’त लिहिता येत नाही, ते बोटांना कळावे लागते, आणि कळेपर्यंत दोन-चार बाठे फुकट जातात. बाठे मात्र फुकटचेच असतात, त्यामुळे कोणी रागावत नाही. पिपाणी संध्याकाळपर्यंत टिकते. दुसऱ्या दिवशी नवी करावी लागते, आणि ती पहिलीपेक्षा चांगली वाजते.

माडाच्या पातीचे भिरभिरे असेच. हिरव्या पाती एकमेकींत गुंतवून चार पंख करावयाचे, मध्ये हीर खोचायचा आणि वाऱ्याच्या दिशेने धावत सुटावयाचे. पाती वाळल्या की ते आकसते आणि फिरत नाही. बेंदराला आणि पोळ्याला केलेले मातीचे बैल, चिंध्यांची बाहुली, काड्यापेट्यांची आगगाडी, दोऱ्यात ओवून गरगर फिरवावयाचे चेपलेले बूच, पहिल्या पावसाच्या ओहोळात सोडलेली होडी: साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी. यांतले काहीही टिकाऊ नाही. होडी तर बुडण्यासाठीच सोडतात म्हटले तरी चालेल. या नाशवंतपणातच त्या खेळण्यांचे शिक्षण साठलेले आहे, कारण नाहीसे होणारे खेळणे पुन्हा करावे लागते आणि पुन्हा करण्यानेच हात तयार होतो. उलट ‘टिकाऊ’ वस्तू शोकेसमध्ये जाते. तिला हात लावावयाचा नसतो. पाहुणे आले की ती दाखवावयाची असते. मुलाने केलेली वस्तू मुलापासूनच जपून ठेवावयाची, असा हा विलक्षण प्रकार आहे.

शिवाय हे टाकाऊ तरी खरोखर टाकाऊ असते काय? आइस्क्रीमच्या काड्या आता शंभराच्या जुडग्यांनी विकत मिळतात. त्यांना आइस्क्रीम कधी लागलेलेच नसते. बाहुलीचे डोळे, पांढऱ्या चकतीत हलणाऱ्या काळ्या ठिपक्याचे, पाकिटातून येतात. पुठ्ठाही आखून आणि कापून मिळतो. रद्दीसुद्धा नवी कोरी घ्यावी लागते असा काळ आला आहे, तेव्हा काटकसरीचा मुद्दा या चर्चेतून गाळलेलाच बरा.

शाळेतील हस्तकलेविषयी लिहिताना आम्हांला आमच्या कायद्यातील एका प्रकाराची आठवण होते. त्याला बेनामी व्यवहार म्हणतात: मिळकत एकाच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याचा. असा व्यवहार ओळखावा कसा यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली जयदयाल पोद्दार यांच्या खटल्यात काही कसोट्या एकत्र सांगितल्या. खरेदीचा पैसा कोठून आला. मिळकतीचा ताबा कोणाकडे राहिला. दुसऱ्याचे नाव पुढे करण्यामागे हेतू कोणता. उभयतांचे नाते काय. दस्तऐवज कोणाच्या हाती होते. आणि नंतर त्या मिळकतीची वहिवाट कोणी केली. वाचकांनी जवळच्या कोणत्याही शाळेच्या हस्तकला-प्रदर्शनात जाऊन या कसोट्या लावून पाहाव्यात. चिठ्ठीवर नाव पहिलीतल्या मुलीचे. थर्माकोल आणि रंग वडिलांनी आणलेले. कापणी आईची, चिकटवणे मावशीचे, आणि वेळ रात्री अकराची, कारण ‘उद्या आणावे’ ही सूचना आजच आली. हेतू गुणांचा. ताबा शाळेच्या कपाटाचा. वहिवाटीचा प्रश्नच नाही. त्या वस्तूशी कोणीही कधी खेळलेले नाही. एवढ्या पुराव्यावर कोणतेही न्यायालय निकाल देईल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी कायद्यात एक अपवाद आहे: स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून अपत्याच्या नावावर घेतलेली मिळकत बेनामी ठरत नाही. तेव्हा कायद्याने आई सुटते, आणि तिला दोष द्यावा असे आम्हांलाही वाटत नाही. चार-पाच घरांतील वस्तू चित्रासारख्या सुबक आल्या की उरलेल्या घरांना पर्याय राहत नाही. एखाद्या मुलीने खरोखर आपल्या हाताने केलेले वाकडेतिकडे घर त्या रांगेत ठेवले, तर लाज तिलाच वाटते. आपल्या हातचे म्हणजे कमी प्रतीचे, हा धडा ती सहाव्या वर्षी शिकते, आणि हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा अधिक पक्का बसतो.

फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली ‘मिथॉलॉजीज’ या लेखसंग्रहात खेळण्यांवर एक छोटा लेख लिहिला. त्यांचा आक्षेप असा की बाजारातील तयार खेळणे मुलाला मालक आणि उपभोक्ता बनवते, निर्माता बनवीत नाही. हा आक्षेप पुढे अनेकांनी उचलला, पण त्यातून एक सोपे अनुमान काढले गेले: बाजारचे ते वाईट, म्हणून घरचे ते चांगले. आम्हांला हे अनुमान मान्य नाही. घरी केलेले खेळणेही मुलाला निव्वळ उपभोक्ता करू शकते. किंबहुना आजच्या शाळेत तर त्याला निव्वळ नामधारी करते. रदनिकेची गाडी घरचीच होती.

हा दोष आजचा नव्हे. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची जी संस्था काढली तिच्यातून बालोद्यानाची कल्पना जन्मली. फ्रोबेल यांनी मुलांसाठी दोन प्रकारचे साहित्य योजले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन अशा ‘भेटी’, आणि कागदाच्या घड्या घालणे, कागदी पट्ट्यांची चटई विणणे, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या टोचून आकृती उभ्या करणे असे ‘उद्योग’. आपल्या प्राथमिक शाळांत अजून दिसणारी ती दोन रंगांची कागदी चटई याच घराण्यातली. मूळ कल्पना उदार होती. मुलाने सृष्टीतील आकार स्वतःच्या हाताने शोधावेत अशी. परंतु शिष्यांच्या हाती तिची कवायत झाली. सगळ्या वर्गाने एकाच वेळी एकाच आज्ञेवर तीच घडी घालावयाची. मारिया माँटेसरी यांनी पुढे मुलाला ज्याची त्याची निवड आणि ज्याची त्याची गती दिली, ही केवढी मोठी सुटका! पण त्यांची साधने इतकी काटेकोर मापांची की ती कारखान्यातूनच यावी लागत. दट्टे खाचेत नेमके बसले पाहिजेत, नाहीतर मुलाला आपली चूक आपल्याला कळावी हा हेतूच साधत नाही. मूल तेथे स्वतंत्र झाले, पण कर्ता झाले नाही.

हिंदुस्थानात या विचाराला मातीचा स्पर्श ज्यांनी दिला त्यांतले पहिले नाव आमच्याच धंद्यातले आहे. गिजुभाई बधेका वढवाण येथे वकिली करीत असत. ती सोडून १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. (वकिली सोडून लोकांनी काय काय करावे याची यादी करू लागलो तर हा लेख संपावयाचा नाही; पण त्या यादीत गिजुभाईंचे स्थान वरचे राहील.) १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. हा विचार मराठीत आणण्याचे श्रेय मुख्यतः ताराबाईंचे, आणि तो गरिबाच्या दारी नेण्याचे श्रेय त्यांचे व अनुताई वाघांचे. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. गावातली बालवाडी भरली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले तिकडे येईनात. तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळाही भरे. १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला; त्यामागचे अंगण मात्र सगळीकडे पोहोचले असे म्हणवत नाही.

अंगणात गेल्यावर साधनांचे काय झाले, हा येथे आमच्या कामाचा भाग. परदेशी मापाची महागडी पेटी पाड्यावर नेणे शक्य नव्हते आणि इष्टही नव्हते. तिच्या जागी बिया, खडे, पाने, फुले, माती आली. या बदलाचे वर्णन सहसा काटकसर म्हणून केले जाते. आमच्या मते ते वर्णन फार तोकडे आहे. मणी पेटीतून निघतो तेव्हा मुलाचे काम तो मोजण्यापुरते असते. चिंचोका झाडाखालून येतो. तो शोधावा लागतो, किडका की चांगला हे पारखावे लागते, धुवावा लागतो, वाळवावा लागतो, भावंडापासून लपवावाही लागतो. मोजणी ही त्या लांबलचक उद्योगाची अखेरची आणि सर्वांत सोपी पायरी. साधन स्वस्त होणे निराळे आणि साधन मुलाचे होणे निराळे. कोसबाडच्या कामात या दुसऱ्या गोष्टीची शक्यता निर्माण झाली, हे त्याचे खरे मोल.

परंतु शक्यता म्हणजे सिद्धी नव्हे. पुढे या कामाचा विस्तार झाला, सरकारी योजनांनी ते उचलले, आणि ‘अल्पखर्ची शैक्षणिक साधने’ असे नाव धारण करून बी पुन्हा पेटीत गेली. आता ती सेविका गोळा करते, सेविका रंगवते, सेविका पुठ्ठ्यावर चिकटवते, आणि तपासणीच्या दिवशी सेविकाच मांडते. २०२३ साली केंद्रीय शिक्षणखात्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळांचा व साधनांचा संच सिद्ध केला. त्यातील वस्तू विचारपूर्वक निवडल्या आहेत याबद्दल शंका नाही. पण पिटारा भरलेला येतो. मुलाने आणलेल्या वस्तूंसाठी एखादा रिकामा पिटाराही सोबत दिला असता तर बरे झाले असते.

अरविंद गुप्ता यांच्या कामाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण टाकून दिलेल्या वस्तूंपासून खेळणी करण्याच्या आपल्याकडील लिखाणात त्यांच्याइतके अस्सल लिखाण दुसरे आम्हांला ठाऊक नाही. कानपूरच्या आय. आय. टी.मधून अभियंता होऊन पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे गुप्ता १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या (आताच्या नर्मदापुरमच्या) विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथील आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांना सायकलची व्हॉल्व्ह-नळी सापडली. रबराच्या या बारीक नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी गूल खरवडलेल्या काड्या सरकवल्या की लवचिक सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी ढळत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. पूल, मनोरे आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे येथे कोणी सांगत नाही, बोटांना समजते. फ्रोबेलच्या वाटाण्यांनाच जणू शंभर-सव्वाशे वर्षांनी रबराचा पुनर्जन्म मिळाला. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी केली आणि पुस्तके संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य खुली केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांविषयी एक गोष्ट आम्हांला विशेष भावते: ती दिसावयाला सुबक नसतात. त्यांना सुबक होण्याची हौसच नाही. ती चालतात किंवा चालत नाहीत, आणि न चालल्यास का चालत नाही ते मुलाला खेळण्यातच शोधता येते. चित्रासारखे झाले का, हा प्रश्न येथे आपोआप गळून पडतो. माँटेसरींना जी गोष्ट कारखान्यातील मापाने साधावी लागली ती गुप्ता यांनी व्हॉल्व्ह-नळीने साधली.

तरीही एक आक्षेप नोंदवणे प्राप्त आहे. या खेळण्यांच्या पोटात बहुधा एक नियम दडलेला असतो, विज्ञानाचा. खेळणे चालले, नियम कळला, की मोठ्या माणसाचे समाधान होते आणि तो पुढच्या पानाकडे वळतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे मानवते. तीन-चार वर्षांच्या मुलाला नियम नको असतो. त्याला करवंटी हवी असते, जी सकाळी तराजू असते, दुपारी टोपी आणि संध्याकाळी देवाची घंटा. जे एकाच कामाचे आहे ते कितीही बुद्धिमान असले तरी त्याला लवकर संपते. गुप्ता यांचा दोष यात नाही. त्यांनी ती पुस्तके विज्ञानासाठीच लिहिली. दोष आहे तो त्यांची पाने फाडून शिशुवर्गाच्या ‘कृती’ म्हणून वाटणाऱ्यांचा.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. घरगुती ते निर्धोक अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोका, मणी, बटण देणे धोक्याचे असते. ते नाकात जाते, घशात अडकते. लालकाळी गुंज दिसावयाला मोहक, पण तिच्या बीतील विष जीवघेणे आहे. ती फोडून चघळली तर प्राणावर बेतते. जुन्या काळी मुले गुंजांशी खेळत हे खरे. जुन्या काळी मुले दगावतही. कायदा येथे मदतीला येत नाही. २०२० सालच्या खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेशाप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या खेळण्यावर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. आदेश योग्यच आहे. पण तो बाजारापुरता. परसातली पिपाणी विकली जात नाही, म्हणून ती कायद्याला दिसत नाही. तिच्यावर लक्ष ठेवणे घरातील आजीचे काम, आणि ते तिने मुलाच्या हातातली वस्तू काढून न घेता जवळ बसून करावे, एवढेच आम्ही सुचवतो.

मोठ्यांच्या सूचनेवाचून मुलांनी स्वतः काही घडवावे असा एक जुना प्रसंग आपल्याकडे अजून शिल्लक आहे; तो दिवाळीचा. बेळगावात सहामाही परीक्षा संपली की गल्लीगल्लीत किल्ले उठू लागतात. दगड, माती, पोती, वर पेरलेली मोहरी किंवा अळीव, आणि शिखरावर शिवाजी महाराज. गोव्यात त्याच सुमारास गवत, जुने कपडे, कागद आणि खळ यांचा नरकासुर उभा राहतो आणि चतुर्दशीच्या पहाटे जळतो. या दोहोंना ना ‘साहित्य’ची यादी ना ‘कृती’. किल्ल्याची तटबंदी कोठून न्यावयाची यावर भांडण होते, भांडणात एक बुरूज पडतो, मग तो पुन्हा बांधताना जुना वाद मिटतो. धाकट्याला माती आणण्याच्या कामावर ठेवलेले असते. पुढल्या वर्षी त्याला बढती मिळते. येथे कर्ता कोण, असे विचारण्याची गरज पडत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, दोन्ही वस्तू नाहीशा व्हावयाच्याच असतात. नरकासुर तर ‘टिकाऊ’ झाला तर अनर्थच!

परंतु आता बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात; गोव्याच्या बाजारांत नरकासुराचे मुखवटे तर मिळतातच, उभा नरकासुरही विकत मिळतो. यापेक्षाही आम्हांला काळजी वाटते ती स्पर्धांची. रोख बक्षिसे आली, तशी उंची वाढली. उंची वाढली, तशी लोखंडी सांगाड्याची, वेल्डिंगची आणि वर्गणीची गरज आली. आणि ती आली तेव्हा दहा वर्षांची मुले आपोआप प्रेक्षक झाली. किल्ल्यांच्या स्पर्धांतही तेच: अमुक किल्ल्याची हुबेहूब प्रतिकृती, नकाशाबरहुकूम. हुबेहूबपणा हा शब्द आला की मूल मागे सरते, कारण हुबेहूब करणे मोठ्यांनाच जमते. आयोजकांनी स्पर्धा बंद कराव्यात असे आम्ही म्हणत नाही. बंद केल्याने त्या बंद होणारही नाहीत. मात्र बारा वर्षांखालील मुलांचा एक स्वतंत्र गट ठेवावा, त्यात चार हातांहून उंच काही घेऊ नये, विकत आणलेला मुखवटा बाद ठरवावा, आणि परीक्षकांनी दुरून गुण न देता पोरांच्या घोळक्यात जाऊन पोटात गवत कोणी भरले, डोळे कशाचे केले, एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड का, असे प्रश्न विचारावेत. पोरे एकाच वेळी सगळी बोलू लागली आणि त्यांच्या बोटांची खळ अजून ओली दिसली, की पुढील चौकशीचे कारण नाही.